अडकित्त्यानं कापलेलं औषध

सासूबाई,

गेल्या रविवारी तुमच्या नातीनं मला माफ केलं. मी जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत बसले होते आणि ती समोर कॉफी पीत होती. लग्न ठरवलंय तिनं, आपलं आपणच. महादेवपुऱ्याला तिच्याच ऑफिसात काम करणारा नागपूरचा मुलगा आहे, बोलायला गोड, खायला जरा जास्तच. तर म्हणाली, "आई, मी त्याला तुझ्या गोळ्यांचं सगळं सांगून टाकलंय. त्याला काही इश्यू नाही. तुझ्या रक्तात व्हायरस सापडतच नाही, म्हणजे तुझ्यापासून कुणाला होणार नाही, हे त्यानं स्वतः वाचून काढलं." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आणि मग तिनं माझा हात धरला, मेथीच्या मातीसकट, आणि म्हणाली, "आणि आई, तू मनाला लावून घेऊ नकोस हं. मी तुला केव्हाच माफ केलंय." मी म्हटलं, कशाबद्दल गं? तर म्हणते, "बाबांना तुझ्यामुळे झालं ना, त्याबद्दल. आजीनं सांगितलं होतं मला, हॉस्पिटलात असताना. म्हणाली, आईला कधी विचारू नकोस, तिला वाईट वाटेल. म्हणून मी कधी विचारलं नाही."

तिला वाईट वाटेल! काय हो तुमची माया. ऊतू चालली होती नुसती.

जिवंत होतात तोवर मी तुम्हाला आई म्हणत होते, कारण आपल्या घरात तशी रीत होती. आता नाही म्हणणार. तुम्ही जाता जाता माझ्या पोरीच्या कानात हे ओतून गेलात, आणि ते पोटात घेऊन ती इतकी वर्षं माझ्या हातचं जेवली, माझ्या तापात माझं डोकं चेपलं, पहिल्या पगाराची साडी मला आणली, आणि मनात म्हणत राहिली की हिच्यामुळे माझे बाबा गेले, पण असू दे. असू दे म्हणे! मला तिची माफी नको आहे. मी काही केलेलंच नाही तर माफी कसली घेऊ? मला माझी मुलगी हवी आहे, जिला माझ्याबद्दल खरं ते ठाऊक आहे. लग्न होऊन ती स्वतःच्या घरी जायच्या आत मला ते तिला सांगायचं आहे. त्यासाठी तुम्हाला आणि तुमच्या मुलाला भिंतीवरच्या फोटोतून खाली ओढावं लागलं तर ओढीन, असं मी मेथीला फोडणी घालता घालता ठरवलं. आणि फोडणी जळली, तीही तुमच्याच नावानं.

तुम्हाला आठवतंय का, मी या घरात आले तेव्हा तुमचा काय तोरा होता? मी कोल्हापूरकडची, तोंडानं तिखट पण नवी नवरी म्हणून गप्प. तुमची इथं कन्नड मुलखात, जयनगरात, दुसरी पिढी, मराठीत निम्मं कन्नड. "स्वल्प थांब गं," "सरी, सरी, कळलं," असं बोलायचात आणि मला वाटायचं, ही कुठली मराठी? पण गल्लीत तुमचा शब्द शेवटचा. कुणाच्या बाळाला पोटदुखी, कुणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत, कुणाचं स्थळ चांगलं, कुणाचं वाईट, सगळे तुमच्याच ओट्यावर. शेजारची बाई म्हणायची, "अक्कंगे एल्ला गोत्तु." अक्काला सगळं ठाऊक असतं. आणि तुम्ही मान जराशी तिरकी करून अडकित्त्यानं सुपारी कातरत बसायचात, केसासारखी बारीक. तसली सुपारी मी पुन्हा कुणाच्या हातची पाहिली नाही, हे मान्य करते. बाकी तुमच्याबद्दल चांगलं बोलायला आज मी बसलेली नाही.

तुमचा मुलगा सरकारी कारखान्यात इंजिनियर. मशीन बसवायला महिनोन्महिने परगावी साइटवर जायचा. आमची मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास त्याला ताप यायला लागला, जायचा, परत यायचा. वजन उतरलं, शर्ट अंगावर लोंबायला लागले. तुम्ही काढे दिलेत, दृष्ट काढलीत, आणि मग एकदाची खासगी लॅबमध्ये तपासणी झाली. रिपोर्ट घेऊन आला तेव्हा आपण दोघी स्वयंपाकघरात होतो. तुम्ही सार ढवळत होतात, मी कणीक तिंबत होते. दारातच उभा राहून तो म्हणाला, "आई, मला एचआयव्ही निघालाय." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "साइटवर असताना चुकलो. एकदा नाही, बऱ्याचदा." ऐकलंत ना तुम्ही? तुमच्या कानांनी ऐकलंत. गॅस बंद केलात, हातातली पळी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "हे या चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये." मला काय होतंय, मी कशी उभी आहे, याच्याकडे तुमचं लक्षच नव्हतं. पुढच्या आठवड्यात माझा रिपोर्टही तसाच आला. मुलीचा मात्र स्वच्छ आला. माझ्यात हे शिरलं ते तिच्या जन्मानंतर, तिचं दूध तुटल्यावर. लॅबच्या पायरीवर बसून मी रडले ते तिच्या रिपोर्टला, माझ्या नव्हे.

आता काळ बदललाय. आता निदान झालं की लगेच गोळी सुरू करतात, थांबत नाहीत. तेव्हा रक्तातल्या पेशी ठरावीक पातळीच्या खाली आल्या की मगच औषध मिळायचं. आमच्या दोघांच्याही खाली आल्या होत्या, त्याच्या तर माझ्याहून खाली. सरकारी दवाखान्यात या रोगाचं केंद्र निघालं होतं, औषध फुकट. फक्त जाऊन नाव नोंदवायचं, रांगेत बसायचं, दर महिन्याला बाटली आणायची. मी म्हटलं, दोघंही जाऊ. तुम्ही म्हणालात, "माझा मुलगा त्या रांगेत बसणार नाही. त्याच्या हाताखालची माणसं तिथं भेटली तर?" आणि माझं काय? तर म्हणालात, "तू जा. तुला या गावात कोण ओळखतं?" वा रे न्याय! लाज त्याची, रांग माझी. आणि तो ऑफिसर माणूस, मशीनचा एक स्क्रू ढिला असला तर अख्खा कारखाना डोक्यावर घेणारा, आईपुढे मान खाली घालून बसला होता. कारखान्याच्या दवाखान्यात जायचं तर तिथं सगळे ओळखीचे. खासगी डॉक्टरकडे जायचं तर तोही मराठी मंडळातला. म्हणजे झालं, तो कुठंच गेला नाही.

केंद्रात मला पहिल्यांदा गोळी हातात देण्याआधी तिथल्या समुपदेशक बाईनं तीन-तीनदा बसवून घेतलं. बाई कन्नड, पण माझ्याशी हिंदीत बोलायची, सावकाश, आपण लहान मुलाशी बोलतो तसं. म्हणाली, अक्का, एकाच गोळीत तीन औषधं आहेत. ही विषाणूला मुळापासून काढत नाही, त्याला वाढू देत नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक, आयुष्यभर. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, कुणाला द्यायची नाही, कमी करायची नाही. औषध कमी पडलं की विषाणू तेवढ्या औषधातही जगायला शिकतो, आणि एकदा शिकला की मग तो त्या औषधाला भीक घालत नाही. मी घरी येऊन हे सगळं तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही सुपारी कातरत होतात. म्हणालात, "बरं. ती बाटली इकडे दे, मी माझ्या कपाटात ठेवते. कामवालीच्या नजरेला पडायला नको."

गोळ्यांनी मला बरं वाटायला लागलं, आणि माझं बरं होणं तुमच्या डोळ्यांत खुपायला लागलं. खोटं सांगत नाही. मी जिना चढते आणि तुमचा मुलगा धापा टाकतो, हे तुम्ही रोज बघत होतात. एका सकाळी मी पाण्याचा पेला घेऊन आले तर तुम्ही पाटावर बसला होतात, समोर बशी, आणि हातात अडकित्ता. कच्च. गोळीचे दोन तुकडे. मी म्हटलं, आई, हे काय करताय? म्हणालात, "घरात एकच भाकरी असली तर नवरा-बायको अर्धी अर्धी खातात की नाही?" मी म्हटलं, ही भाकरी नाही, त्यांनी बजावून सांगितलंय. तर तुमचं ठरलेलं उत्तर, "डॉक्टर शहाणा का मी? औषध ते औषध. गुण एका गोळीत आहे तसाच अर्धीत आहे, जरा सावकाश येईल." मी म्हटलं, त्यांच्या नावाची वेगळी बाटली तिथंच मिळते, फुकट मिळते, फक्त एकदा यायला सांगा. तेव्हा तुम्ही वर बघितलंत आणि म्हणालात, "नवऱ्याच्या तोंडचं औषध काढून घेणारी बायको आजवर पाहिली नव्हती. आज बघितली." आणि तो? तो पेपर वाचत होता. त्यानं हात पुढे केला, तुकडा घेतला, गिळला, पान उलटलं.

अडकित्त्यानं कधी सारखे दोन भाग होत नाहीत, सासूबाई. एक मोठा होतो, एक लहान. मोठा कुणाला जायचा ते मी सांगायला नको. बशीत जो भुगा पडायचा तोसुद्धा बोटानं टिपून तुम्ही त्याच्या जिभेवर ठेवायचात, प्रसाद दिल्यासारखा. मी बोलले नाही असं नाही. बोलले, भांडले, एकदा बाटली लपवून ठेवली. तेव्हा तुम्ही शांतपणे मला सांगितलंत, "तुला कोल्हापूरला जायचं असेल तर खुशाल जा. बसचं तिकीट मी काढून देते. नात इथंच राहील. असला रोग असलेल्या आईकडे कोणतं कोर्ट मूल देतं ते मला बघायचंय." मी बाटली काढून दिली. दुसरं काय करणार होते? आणि केंद्रात दर महिन्याला ती बाई माझी बाटली उलटी करून बघायची, रिकामी, एक गोळी शिल्लक नाही. "व्हेरी गुड अक्का," म्हणायची, "सगळ्यांनी तुमच्यासारखं घ्यायला पाहिजे." मी मान डोलवायचे आणि नवी बाटली पिशवीत टाकून तुमच्याकडे घेऊन यायचे.

सुरुवातीला त्याला जरा उतार पडला. दोन घास जास्त जायला लागले तर तुम्ही अख्ख्या घराला ऐकवलंत, "बघा. म्हणाले नव्हते?" मग पुढच्या वर्षी तो एकदम खचला. क्षय डोक्यात गेला. मोठ्या खासगी इस्पितळात नेला तेव्हा तिथल्या डॉक्टरनं विचारलं, आधी कुठलं औषध सुरू होतं का? तुम्ही पटकन म्हणालात, "काही नाही." तो गेला. गल्लीत सांगितलंत कावीळ झाली, कावीळ उलटली. घरात मात्र माझं ताट वेगळं झालं, माझा पेला वेगळा. पुरणपोळी माझ्या हातची चालायची, ती तेवढी कशी काय बाटत नव्हती कुणास ठाऊक. हळदीकुंकवाला बायका यायच्या तर मला आतल्या खोलीत बसवायचात आणि बाहेर सांगायचात, तिला बरं नाही. आतून मला तुमचं हसणं ऐकू यायचं. तेव्हापासून मी मनात एक वाक्य घोळवायला लागले. तुम्ही मारलंत त्याला. एवढंच. योग्य वेळ आली की तुमच्या तोंडावर फेकायचं, म्हणून जपून ठेवलं होतं.

घर चालवायचं म्हणून मी आनेकलला एका लहान कारखान्यात लागले. बटणं तपासायची, विजेची, खटका बरोबर पडतो की नाही ते. अर्धवट पडणारं बटण बाजूला टाकायचं, कारण ते दिसायला चालू दिसतं आणि आतून जाळतं. सुपरवायझरनं पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. तो म्हणाला, काय झालं अक्का? म्हटलं, काही नाही, आमच्या घरी हेच चालू होतं. आता बाटली सगळी माझ्या एकटीची होती, सकाळ-संध्याकाळ पूर्ण गोळी घेत होते. तरी मला ताप यायला लागला. तोंडात पांढरं आलं, पाणी गिळवेना. बसमधून उतरताना एकदा पडले.

आणि मग तो दिवस. तो दिवस तुम्हाला आठवत असणारच, म्हणून तर लिहिते आहे. मला उभं राहवत नव्हतं म्हणून केंद्रात तुम्ही माझ्याबरोबर आलात, पहिल्यांदाच, डोक्यावरून पदर घेऊन, कुणी ओळखू नये म्हणून. रांगेत तुमच्या शेजारी कोण बसलं होतं? एक कॉलेजातली मुलगी, एक बँकेत नोकरी करणारा बाप्या, एक म्हातारं जोडपं. तुम्ही चोरून सगळ्यांची तोंडं बघत होतात. सगळी आपल्यासारखीच होती. आत डॉक्टरीणबाई माझे रिपोर्ट बघत म्हणाली, औषध काम करत नाहीये, विषाणू त्याला सरावलाय. गोळ्या कधी कमी घेतल्या होत्या का? मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतात. मग मीच सांगितलं, दोन वर्षं अर्धी घेत होते, अर्धी माझे मिस्टर घेत होते. बाईनं पेन खाली ठेवलं. आणि तुम्हाला नीट समजावं म्हणून ती कन्नडमध्ये बोलली, तुमच्याकडे तोंड करून. माझं कन्नड कच्चं, तुमचं पक्कं, पण मलाही शब्द न् शब्द समजला. ती म्हणाली, अम्मा, अर्ध्या गोळीनं दोघांचाही रोग पक्का झाला. अर्धवट मारलेला साप जसा जास्त चवताळतो, तसं. त्यांना आम्ही वेगळी बाटली दिली असती, पूर्ण घेतली असती तर बहुतेक आज ते इथं बसलेले असते. हिला आता पुढच्या पायरीची औषधं देऊन बघू.

बाहेर येऊन मी ऑटो थांबवला. ऑटोवाला म्हणाला, "अम्मा, एल्लिगे?" आणि तुम्हाला सांगता येईना कुठं जायचं ते. जन्म काढला त्या जयनगरचं नाव तुम्हाला आठवेना. शेवटी मी सांगितलं. घरी आल्यावर तुम्ही जेवला नाहीत, आणि त्या दिवसापासून सुपारी खाल्ली नाहीत. अडकित्ता कुठं टाकलात देव जाणे, पुन्हा तो घरात दिसला नाही. मंडळातल्या बायका म्हणायच्या, बघा, मुलाच्या दुःखात सुपारी सोडली, याला म्हणतात आई. तुम्ही ऐकून घ्यायचात. मी चहा आणून ठेवायचे आणि मनात म्हणायचे, विचारा, विचारा तिला कधी सोडली आणि कशानं सोडली.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. माझ्याइतकंच पक्कं कळलं होतं. नवी औषधं सुरू झाली तेव्हा बाटली कपाटात गेली नाही, माझ्या ताटाशेजारी आली. आणि ते ताटही एक दिवस मुकाट्यानं सगळ्यांच्या ताटांत मिसळलं. रोज संध्याकाळी तुम्ही पाण्याचा पेला घेऊन माझ्यापुढे उभ्या. "घेतलीस? आख्खी घेतलीस ना?" तुम्ही जाईपर्यंत हा प्रश्न मी रोज ऐकला. आख्खी! दात ओठ खाऊन मी गोळी गिळायचे. पहाटे उठून माझा आनेकलचा डबा तुम्ही करायला लागलात, पोळ्या मऊ, भाजी माझ्या तिखटाची. तुम्हाला वाटलं असेल यानं फिटेल. नाही फिटलं. माणूस गेलं होतं आणि तुम्ही मला भाजीत तिखट घालून देत होतात. एकदा सरळ म्हणाला असतात, सूनबाई, माझं चुकलं, तर मी काय तुमचा गळा धरणार होते? पण नाही. सुंभ जळला तरी पीळ कसा जाईल!

आणि उलट काय केलंत? चोराच्या उलट्या बोंबा. आधी, काविळीचं कुणाला पटेना तेव्हा, मंडळात कुजबूज सोडलीत की सुनेच्या बाजूनं काहीतरी आलं. मग शेवटी इस्पितळात माझ्या मुलीला जवळ घेऊन सांगितलंत. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. मी माझं जपून ठेवलेलं वाक्य घेऊन तुमच्या खाटेशी उभी होते, म्हटलं, आज टाकायचं. तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "पोरीला जप." तुमचा हात हलका झाला होता, कागदासारखा. मी वाक्य गिळलं. मला वाटलं, जाऊ दे, म्हातारी मऊ झाली. मऊ! तोवर पोरीच्या मनात मला गाडून तुम्ही मोकळ्या झाला होतात.

काल पितृपक्षातली तुमची तिथ होती. दर वर्षी मी तुमचं पान वाढते, आमसुलाची चटणी, खीर, अळूवडी, तुम्हाला आवडतात तसे कुरकुरीत वडे. तुमची नात रजा घेऊन मदतीला येते, आजीचं काही कमी पडता कामा नये म्हणून. काल ती वडे थापत होती आणि मी तळत होते. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, बस इथं. माझं सगळं ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. आणि सांगितलं. तुझे बाबा दारात उभे राहून काय म्हणाले ते. रांग कुणाची होती ते. बशी, अडकित्ता, भुगा, बसचं तिकीट, नात इथंच राहील ते. तिथवरचं काही गाळलं नाही, काही घासलं-पुसलं नाही. ती पिठाच्या हातांनी ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी तुला माफ कशाबद्दल केलं गं?" आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. "इतकी वर्षं मी तुझ्याकडे तसं बघत होते आई. तू मला सांगितलं का नाहीस?" म्हटलं, तू मला तुझ्या मनातलं सांगितलंस का? मग आम्ही दोघी रडलो. मला माझी मुलगी परत मिळाली, सासूबाई. तुम्ही नेली होतीत ती मिळाली.

नंतर तिनं तोंड धुतलं, नाक पुसलं आणि तुमच्या फोटोकडे बघत म्हणाली, "पण आजीला तरी काय कळत होतं गं? जुनी बाई, अडाणी. तिला कुठं ठाऊक होतं अर्ध्या गोळीनं काय होतं ते. शेवटपर्यंत कळलंच नसेल. बिचारी."

माझ्या जिभेवर आलं होतं. डॉक्टरीणबाईचं बोलणं, तो ऑटो, ती सुपारी, ते "आख्खी घेतलीस ना?". सगळं मी सांगितलं होतं, एवढं सोडून. ते शेवटी टाकायचं म्हणून राखून ठेवलं होतं. ते ऐकलं असतं तर काल तुमचं पान कावळ्यालाही दिसलं नसतं. मी बोलले नाही. दया आली म्हणून नाही, तो गैरसमज नको. मला ते गोड लागलं. अख्ख्या गल्लीला शहाणपण वाटणारी बाई नातीच्या तोंडी अडाणी बिचारी होऊन बसली, आणि आता ती जन्मभर तशीच राहणार. लग्नात ती तुमचा फोटो मांडेल आणि नागपूरच्या माणसांना सांगेल, ही माझी आजी, फार साधी होती, तिला काही कळायचं नाही. यापेक्षा मोठा सूड मला सात जन्मांत सुचला नसता. म्हणून हे कागदही ठेवायचे नाहीत, तिच्या हाती पडले तर तिला कळेल. आता लिहून झालं की गॅसवर धरणार आहे.

पण एक सांगते, फक्त तुम्हाला. ती तुम्हाला 'बिचारी' म्हणाली ना, तेव्हा मला आधी राग आला. तुमचा नाही, तिचा. म्हणणार होते, तोंड सांभाळ, कुणाला बिचारी म्हणतेस? मी पुन्हा गॅस पेटवला आणि उरलेले वडे तळायला घेतले.